फवारणीची विषबाधा : आधी ॲट्रोपिन, मग 'पाम'

पोळा झाला की आमच्या वऱ्हाडात फवारणीला जोर चढतो आणि त्यामागोमाग दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. कपाशी छातीला लागलेली असते, ढगाळ हवेत वारा पडलेला असतो आणि नळीतून निघालेला फवारा पिकावर कमी व फवारणाऱ्याच्या तोंडावर अधिक बसतो. अमरावती काय किंवा अकोला काय, ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत रात्रपाळीच्या डॉक्टरला हा रुग्ण नवा नसतो.

गेल्या हंगामात दर्यापूरकडील एका गावाहून बावीस वर्षांचा एक मुलगा असाच आला. दिवसभर फवारणी करून घरी आला, चक्कर आली म्हणून बाजेवर पडला आणि तासाभरात त्याच्या तोंडातून फेस येऊ लागला. बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी बारीक, अंग घामाने चिंब, छातीत घरघर, मांड्यांचे स्नायू कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे फडफडत होते. सलाईन लावून आम्ही इंजेक्शने द्यायला सुरुवात केली, तोच त्याच्या वडिलांनी दारातून विचारले, "डाक्टरसाहेब, पोराले पाम लावलं काय जी? नसन तर सांगा, पैशाची सोय करून आणतो."

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. 'पाम' म्हणजे पॅम, अर्थात प्रॅलिडॉक्झिम. खेड्यापाड्यांत या औषधाचे नाव असे पसरले आहे की, ते मिळाले तर माणूस वाचला आणि न मिळाले तर गेला, असे लोक धरून चालतात. मध्यरात्री औषधांची दुकाने उठवत फिरणारे, त्यासाठी कर्ज काढणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. म्हणून आज या औषधाविषयी आणि त्याहून महत्त्वाच्या, पण स्वस्त म्हणून दुर्लक्षिलेल्या ॲट्रोपिनविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आधी विष काय करते ते पाहू. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही सगळी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य सुटते आणि त्याच्या निरोपावर ग्रंथी पाझरतात, आतडी हलतात, स्नायू आखडतात. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर ते द्रव्य लगेच मोडून टाकते.

हे ओलितासारखे समजा. पाटातून वाफ्यात पाणी सोडायचे आणि वाफा भरला की गड्याने फावड्याने बारे बुजवायचे. कोलिनेस्टरेज हा तो गडी. विष येते ते या गड्याचे हात बांधून टाकते. मग बारे उघडेच राहते आणि वाफे तुडुंब भरून वाहू लागतात. लाळ, अश्रू, घाम, उलट्या, जुलाब, लघवी सुटणे हे सगळे त्या वाहण्याचेच प्रकार. यांपैकी जीवघेणे असते ते फुफ्फुसातले पाणी. श्वासनलिका स्रावाने भरतात, आकसतात, नाडी मंदावते आणि रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडून मरावा तसा मरतो.

ॲट्रोपिन त्या गड्याचे हात सोडवत नाही. ते काय करते, तर वाफ्याच्या तोंडाशी फळी लावते. पाटाला पाणी कितीही येवो, आत शिरत नाही. श्वासनलिका कोरड्या होतात, छाती मोकळी होते, नाडी वाढते. मात्र ही फळी सगळ्याच वाफ्यांना बसत नाही. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर ॲट्रोपिन चालत नाही, ही तिची मर्यादा पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

हे औषध आपल्याला अनोळखी नाही. बुबुळ मोठे करण्यासाठी डोळ्यांचे डॉक्टर जे थेंब टाकतात, त्यांत ते असू शकते. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातही हेच, किंवा याचेच सख्खे भाऊ म्हणावेत असे अल्कलॉइड असतात. युरोपात बेलाडोना नावाच्या वनस्पतीपासून ते १९ व्या शतकात वेगळे काढले गेले, आणि १८७० च्या सुमारास एडिंबरोच्या टॉमस फ्रेझर या वैद्यकाने एक विष दुसऱ्या विषाचा उतारा कसे होते हे ॲट्रोपिन आणि आफ्रिकेतील कॅलाबार घेवडा यांच्या जोडीवर पद्धतशीर प्रयोग करून दाखविले. हा घेवडाही कोलिनेस्टरेजचेच हात बांधतो. (हे वाचून कोणी फवारणीच्या रुग्णाला धोतऱ्याचे बी वाटून पाजू नये. धोतऱ्यात औषध किती असेल याचा भरवसा नसतो, आणि गुदमरणाऱ्याच्या तोंडात काहीही घातले तरी ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. हा इशारा उगाच देत नाही; असा प्रयोग झालेला रुग्ण मी पाहिला आहे.)

आता ॲट्रोपिन किती द्यायचे, हा कळीचा प्रश्न. आपल्याकडे मिळणाऱ्या कुपीत साधारणपणे ०.६ मिलिग्रॅम औषध असते. एरवी शस्त्रक्रियेच्या वेळी एखादी कुपी पुरते. या विषबाधेत मात्र सुरुवातच ३ ते ५ कुप्यांनी होते. ५ मिनिटांनी छाती तपासायची, घरघर कायम असेल तर मात्रा दुप्पट, पुन्हा ५ मिनिटांनी दुप्पट, असे छाती कोरडी होईपर्यंत चालते. गंभीर रुग्णाला पहिल्या तासाभरातच ५०-१०० कुप्या लागल्याचे अनुभव आहेत. फुटलेल्या काचेच्या कुप्यांनी ट्रे भरलेला पाहून नातेवाईक घाबरतात. कोणी म्हणते, 'एवढी इंजेक्शनं देऊन पोराला मारता काय?' त्यांची भीती मला समजते, पण इथे कमी देण्यानेच माणूस मरतो.

हे मी अनुभवाने शिकलो आणि ती किंमत दुसऱ्याने मोजली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ग्रामीण दवाखान्यात असताना एक मजूर रात्री आला. आम्हाला तेव्हा डोक्यात बसले होते की बुबुळे मोठी झाली म्हणजे ॲट्रोपिन पुरेसे झाले. दहा-बारा कुप्यांनंतर त्याची बुबुळे पसरली, मी समाधानाने मात्रा कमी केली आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेलो. छातीला नळी लावून पुन्हा नीट ऐकले असते तर खाली अजून बुडबुडे वाजत होते हे कळले असते. पहाटे तो गेला. बुबुळ पाहून नव्हे, छाती ऐकून ॲट्रोपिन द्यायचे, हे तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पहिल्या दिवशी सांगतो. छाती स्वच्छ, नाडी मिनिटाला ८० च्या वर, रक्तदाब वरचा ८० च्या पुढे आणि काख कोरडी, अशा या खुणा.

उलट टोकही आहे. मात्रा फार झाली की रुग्ण बडबडतो, हवेत हात मारतो, चादर ओढतो, अंगातून दिसेनासे झालेले किडे वेचतो, ताप चढतो, पोट फुगते. 'पोरगं वेडं झालं' म्हणून घरचे रडू लागतात. ते वेड नव्हे, धोतरा चढल्यासारखेच ते लक्षण आहे. औषध काही वेळ थांबवून नंतर कमी मात्रेत सुरू केले की ते उतरते.

आता 'पाम'कडे येऊ. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन आणि सेरा गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये हे औषध शोधले. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही ते स्वतंत्रपणे सापडले. त्याचा माणसांवरील सुरुवातीचा उपयोग जपानमध्ये झाला, तोही भातशेतीत पॅराथिऑन बाधलेल्या रुग्णांवर. पुढे २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडण्यात आला, तेव्हा हेच औषध कमी पडले आणि नागोयाहून बुलेट ट्रेनने आणावे लागले. सारिन हा वायू आणि आपल्या शेतातली ही कीटकनाशके एकाच घराण्यातली आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

'पाम'चे काम ॲट्रोपिनहून वेगळे. ते गड्याच्या हातांची गाठच सोडते. गडी मोकळा झाला की सगळ्याच वाफ्यांचे बारे बुजवू लागतो, स्नायूंचेसुद्धा. ऐकायला हे उत्तमच, आणि पुस्तकात तसेच लिहिलेले होते. पण गाठ ओली आहे तोवरच सुटते. सुंभाची गाठ वाळून घट्ट बसली की बोटांनी सुटत नाही, तसे काही तासांनी विष विकराला कायमचे चिकटते. हा वेळ प्रत्येक विषाचा निराळा. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांच्या गटात गाठ काही तासांतच वाळते, प्रोफेनोफॉसची तर त्याहूनही लवकर. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस यांच्या गटात दिवस-दीड दिवस हाती असतो. गाठ वाळल्यावर शरीराला नवे विकर तयार करावे लागते आणि त्याला आठवडे लागतात.

म्हणूनच 'पाम'चा खरोखर किती उपयोग होतो यावर वैद्यकात आजही एकमत नाही, आणि या वादात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बारामतीच्या डॉ. कीर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खासगी रुग्णालयात २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. सर्वांना आधी २ ग्रॅम 'पाम' दिले. मग निम्म्यांना तासाला १ ग्रॅम याप्रमाणे ४८ तास सतत आणि उरलेल्यांना दर ४ तासांनी १ ग्रॅम. सतत मात्रा मिळालेल्या १०० पैकी १ रुग्ण दगावला, दुसऱ्या गटात १०० पैकी ८. तालुक्याच्या गावी झालेले हे काम जगभर वाचले गेले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार असाच लहान गावातून जगापुढे मांडला होता, त्याची आठवण व्हावी.

परंतु २००९ मध्ये श्रीलंकेतून उलटा निकाल आला. तिथे २३५ रुग्णांपैकी निम्म्यांना 'पाम' आणि निम्म्यांना नुसते सलाईन दिले. 'पाम' मिळालेल्या १२१ पैकी ३० दगावले आणि न मिळालेल्या ११४ पैकी १८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे खरे. वेलूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही १९९० च्या दशकात फायदा आढळला नव्हता. कोणाचे बरोबर? माझे मत असे की दोन्ही आपापल्या जागी खरे असावेत. बारामतीचे रुग्ण लवकर पोचलेले होते, तिथे अतिदक्षतेची व्यवस्था चांगली होती. उशिरा आलेला, भरपूर विष पोटात गेलेला आणि गाठ वाळलेला रुग्ण निराळा. रुग्ण लवकर आला, विष कोणते ते कळले आणि ते ढिल्या गाठीचे असले तर मी 'पाम' देतो. परंतु ते नाही म्हणून रुग्ण हातचा गेला असे मी कधी म्हणत नाही, आणि त्यासाठी कोणाला जमीन गहाण ठेवू देत नाही. ॲट्रोपिन, प्राणवायू आणि वेळेवर कृत्रिम श्वास या तीन गोष्टींवर माणूस वाचतो.

विष कोणते, हे कळणे एवढ्यासाठीच महत्त्वाचे. वऱ्हाडात आजही लोक 'एंड्रिन घेतलं' असे म्हणतात. एंड्रिन बाजारातून जाऊन काळ लोटला, नाव तेवढे उरले. आणि एंड्रिनचा तर ॲट्रोपिनशी संबंधच नव्हता. मेथोमिल, कार्बोफ्युरान या कार्बामेट गटात गाठ आपोआप सुटते, तिथे बहुधा ॲट्रोपिन पुरते. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, डायफेन्थियुरॉन किंवा तणनाशके यांवर 'पाम'चा काहीच उपयोग नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतही बळी गेले. तेव्हा अडचण नेमकी ही होती की, दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळलेली आणि कोणती ते सांगणारे कोणी नाही. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय जवळ असावी, ही निकड त्यावेळी पुढे आली. त्यात ज्याचे नाव वारंवार आले ते मोनोक्रोटोफॉस. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ ला शाळेतल्या भोजनातून २३ मुलांचा जीव घेणारेही हेच. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी घातली. पण घराच्या माळ्यावरचा जुना डबा बंदीचा हुकूम वाचत नाही.

म्हणून रुग्णाबरोबर बाटली आणा. लेबल फाटलेले असले तरी आणा, रिकामी असली तरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणा. बाटलीवरच्या चौकोनातला त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. आणि उताऱ्याचे नाव लेबलवर किंवा आतल्या पत्रकात छापलेले असते.

घरून निघताना काय करावे? रुग्णाचे सगळे कपडे काढा. करदोडा, गंडा, घड्याळाचा पट्टा, चामडी चप्पल यांत औषध मुरते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत कातडीतून झिरपत राहते, तेव्हा तेही काढा. साबण लावून भरपूर पाण्याने अंग आणि डोके धुवा, नखांसकट. हे करणाऱ्याने स्वतःच्या हातांना निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. डाव्या कुशीवर निजवा, तोंडातला फेस पुसत राहा, १०८ ला फोन करा. धारणीचा घाट उतरून परतवाड्यापर्यंत यायला लागणारा वेळ ज्यांनी काढला आहे, त्यांना हे सांगायला नको की पहिला उपचार जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू व्हायला हवा. तिथे ॲट्रोपिन मिळते. पुढे पाठविताना डॉक्टरांनी वाटेत देण्यासाठी कुप्या आणि देणारा माणूस सोबत द्यावा. नातेवाइकांनीही तेवढे जरूर विचारावे.

खर्रा खात फवारणी करणाऱ्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. औषधाने भिजलेल्या बोटांनी खर्रा तोंडात जातो, आणखी काय सांगावे!

दर्यापूरकडच्या त्या मुलाची छाती पहाटे तीनला कोरडी झाली. त्याला एकूण ६४ कुप्या लागल्या. बाटली सोबत होती, औषध क्लोरपायरिफॉस असल्याचे कळले, म्हणून 'पाम'ही दिले. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, चहा मागू लागला आणि घरच्यांनी सुट्टीचा हट्ट धरला. मी दिली नाही. या विषबाधेत २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, बरा दिसणारा रुग्ण अचानक खचू शकतो. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या डॉक्टरांनी या अवस्थेचे नीट वर्णन केले. पहिली खूण म्हणजे मान. उशीवरून डोके उचलता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. इथे ॲट्रोपिन चालत नाही, श्वासाचे यंत्रच लागते. म्हणून मी त्याच्या आईला एकच काम लावून दिले होते: दर दोन तासांनी त्याला मान उचलायला सांगायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने धावत येऊन सांगितले, "डोस्कं उचलत नाही जी तो." अर्ध्या तासात त्याला यंत्रावर घेतले. चार दिवस तो यंत्रावर होता, अकराव्या दिवशी पायी चालत घरी गेला.

निघताना वडिलांनी विचारले की घरी अजून दोन डबे शिल्लक आहेत, ते कुठे ठेवायचे. मी म्हटले, स्वयंपाकघरात नाही, बाजेखाली नाही; कुलुपाच्या पेटीत ठेवा आणि किल्ली घरातल्या अशा माणसाजवळ द्या, ज्याला विचारल्याशिवाय ती मिळणार नाही. गावातल्या कोणाचे मन फार उदास असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, हेही सांगितले. किल्ली आता आईच्या पदराला आहे, असे मुलाने पुढच्या तपासणीला आला तेव्हा सांगितले.